३०० मीटरच्या डोंगराने इज्जत काढली (एरिसबेग, कॉनेमारा)

रानवाट · २९ सप्टेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकभूल द्यावी घ्यावी. मी आयर्लंडला गॉलवेत राहते, तीन वर्षं झाली. त्याआधी पुण्यात असताना राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई दोनदा, असं बरंच केलेलं, म्हणजे आपल्याला डोंगरातलं कळतं असा माझा समज होता. तो काल फिटला.

डोंगराचं नाव एरिसबेग. उंची ३०० मीटर. हो, तीनशेच, शून्य लिहायचं राहिलेलं नाही. कॉनेमाराच्या दक्षिण किनाऱ्यावर राउंडस्टोन म्हणून मासेमारीचं छोटंसं गाव आहे, गॉलवेहून गाडीने दीडेक तास, आणि हा डोंगर गावाच्या अगदी पाठीशी बसलाय. बंदरावर उभं राहून बघितलं की वाटतं, चहा गार व्हायच्या आत जाऊन येऊ. नवऱ्याला तेच म्हणाले, तू बस कॉफी पीत, मी दोन तासात आलेच.

अकराला निघाले. गावातून एक अरुंद रस्ता घराघरांमधून वर चढतो, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मग एक फाटक, आणि फाटकापुढे वाट संपली. संपली म्हणजे खरोखर संपली. बाण नाही, पांढरा पट्टा नाही, आपल्याकडे असतात तशा वेफर्सच्या पिशव्यासुद्धा नाहीत की बाबा इथून माणसं गेलीत. मेंढ्यांच्या पाऊलवाटा मात्र चिक्कार. दर वेळी वाटायचं सापडली वाट, वीस पावलं चालायचं आणि ती कुठल्या तरी खडकाच्या आडोशाला जाऊन थांबायची, मेंढ्यांना माथ्यावर जायचंच नसतं हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं. गवत म्हणजे सलग गवत नाही, मडक्याएवढे गड्डे आणि मधे पाणी. गड्ड्यावर पाय टाकला तर घोटा लचकतो, मधे टाकला तर बूट भरतो.

पाऊण वाजता एका टोकावर पोचले, लाडू खाल्ला, सेल्फी काढला. मग फोनवरचा नकाशा बघते तर खरा माथा अजून पश्चिमेला! उतरून पुढच्या टोकावर गेले, तोही तो नाही. तेवढ्यात समुद्राकडून ढग आला. आधी अ‍ॅरन बेटं गेली, मग खालचा डॉग्ज बेचा पांढरा किनारा गेला, मग दहा फुटांपुढचं काही दिसेना. दोन टोकांमधल्या खोलगटात एक पाय मांडीपर्यंत आत गेला, काठी आडवी टाकून कसाबसा ओढून काढला, बूट वाचला हे नशीब. फोनची स्क्रीन ओली, बोटं ओली, तो काही केल्या ऐकेना.

म्हटलं माथा गेला खड्ड्यात, खाली उतरू. उतरायला लागले. वारा पाठीला होता, तोंडावर पाऊस लागत नव्हता, बरं वाटत होतं, म्हणून उतरत राहिले. अर्ध्या तासाने ढग जरा फाटला आणि खाली समुद्र दिसायला हवा तिथे तळी. एक, दोन, पाच, दहा, जिथवर दिसतंय तिथवर तपकिरी दलदल आणि तळी. पोटात गोळाच आला. मी डोंगराच्या उलट्या बाजूला, उत्तरेला, राउंडस्टोन बॉगकडे उतरत होते.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. सकाळपासून वारा नैर्ऋत्येचा, वर जाताना डाव्या गालावर लागत होता. दक्षिणेला जायचं असेल तर तो तोंडावर घ्यायला हवा. मुकाट्याने परत खिंडीपर्यंत चढले (रडत) आणि तोंडावर वारा घेऊन पलीकडे उतरले. साडेचारला डांबरी रस्ता लागला, तोसुद्धा गावापासून काही किलोमीटर लांब. नवरा ११२ लावायच्या बेतात होता.

माथा राहिला तो राहिलाच. आता प्रश्न असा की इथे रस्ता नसताना लोक चालतात कसे? कोणी केलाय का हा?

टेकडीफोड · २९ सप्टेंबर, रात्री ११:०५

३०० मीटर?? ताई आमच्याकडे लोक रोज सकाळी पर्वती चढून मग पोह्याला जातात, ती समुद्रसपाटीपासून याच्या दुप्पट भरेल. फोटो टाका तरी.

बिनियन_बाबू · २९ सप्टेंबर, रात्री ११:३१

@टेकडीफोड, भाऊ, पुणंच मुळात ५६० मीटरवर आहे. पर्वती चढलास त्यातलं बरंचसं एशियाडने चढलास. राउंडस्टोन शून्यावर आहे, बंदरातल्या पाण्यात पाय बुडवून निघ आणि ३०० चे ३०० स्वतःच्या पायाने चढ.

रानवाट, आधी सुखरूप आलीस हे छान. मी डब्लिनला असतो आणि मला याद्या पुऱ्या करायचं व्यसन आहे. इथल्या डोंगरवेड्यांनी ४०० मीटरच्या आतल्या पण चहूबाजूंनी निदान १०० मीटर उठून दिसणाऱ्या डोंगरांची वेगळी यादी केलीय, त्यांना बिनियन म्हणतात (माझा आयडी तिथूनच). एरिसबेग त्यातलाच. माझा अनुभव असा की मोठे डोंगर सोपे जातात. कॅरनटूहिल १०३९ मीटर, देशातला सर्वात उंच, तिकडे गर्दी असल्यामुळे वाट मळलेली आहे. क्रोघ पॅट्रिक ७६४ मीटर, जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं चढतात, काही अनवाणी, आता तर दगडी पायऱ्याही बांधल्यात. ३०० मीटरवाल्याकडे कोण जातो? मी, अजून दोन वेडे आणि मेंढ्या.

तू एकटी गेलीस, घरी नीट वेळ सांगितली नाहीस, कागदी नकाशा नाही, होकायंत्र नाही. ओरडत नाही, मी हे सगळं केलेलं आहे, डोनेगलमध्ये, नोव्हेंबरात.

ढेकळे_सर · ३० सप्टेंबर, सकाळी ७:१०

छान लिहिलंय, पुढील लेखनास शुभेच्छा. मी भूगर्भशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त, म्हणून थोडं दगडाबद्दल. एरिसबेगचा खडक मुख्यतः गॅब्रो आहे. हा आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा सख्खा भाऊ म्हणा. रस जवळपास तोच, फरक थंड होण्याचा. आपल्याकडे तो जमिनीवर येऊन लवकर गार झाला, कण डोळ्यांना दिसत नाहीत, तो बेसाल्ट. तिथे तो जमिनीखाली खोल अडकून सावकाश गार झाला, स्फटिक मोठे झाले, तो गॅब्रो. वयात मात्र फार अंतर. आपला ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा, कॉनेमाराचा साधारण ४७ कोटींचा. थोरला फारच थोरला.

ट्रेकरच्या दृष्टीने फायदा असा की गॅब्रो खरखरीत असतो, ओला असला तरी बूट धरतो. तुझे हात सोलले असतील पण पाय घसरला नसेल, बरोबर? याउलट त्याच्या उत्तरेचे ट्वेल्व्ह बेन्स हे डोंगर क्वार्टझाइटचे, तो खडक पावसात काचेसारखा.

आणि ती तळी हिमयुगाची करणी. बर्फाने खडक खरवडून खड्डे पाडले, बर्फ गेल्यावर त्यात पाणी साठलं, निचरा नाही, वरून बारमाही पाऊस. गवत-शेवाळ मेलं की कुजायचं सोडून थरावर थर साचत गेलं. तोच तुमचा बॉग. आयरिश भाषेत बॉग म्हणजे मऊ, हे तुझ्या मांडीला आधीच कळलंय.

रानवाट · ३० सप्टेंबर, सकाळी ९:४५

सर, अगदी बरोबर! दोन्ही तळहात सोललेत, लॅपटॉपवर टाइप करताना चुरचुरतंय, पण खडकावर एकदाही घसरले नाही. सगळी फजिती खडकांच्या मधल्या जागेत झाली.

@टेकडीफोड फोटो एकच आलाय, त्यात मी आणि मागे पांढरं. घरातल्या भिंतीसमोर काढला असता तरी चाललं असतं.

स्लायगोची_काकू · ३० सप्टेंबर, दुपारी १:२०

अगं बाई. वाचता वाचता माझेच पाय ओले झाले.

मी इकडे पंचवीस वर्षं आहे गं, आता साठी उलटली, तरी दर रविवारी चालायच्या ग्रुपबरोबर जाते. तू विचारलंस ना लोक कसे चालतात, तर इथे बघून चालायचं असतं, वाट शोधून नाही. रंग बघ. जिथे हिरवंगार पोपटी मखमल दिसेल तिथे पाय ठेवू नकोस, ते शेवाळ आहे, खाली नुसतं पाणी. जिथे हेदरची जांभळट-काळपट झुडपं आहेत तिथे जमीन त्यातल्या त्यात कोरडी. आणि कातळ दिसला की कातळावरच राहायचं, एका कातळावरून दुसऱ्या कातळाकडे, मग ते वळसे घेत का होईना. सरळ रेघेत गेलीस की बुडालीस.

दुसरं, ती जमीन कोणाची तरी आहे हे विसरायचं नाही. स्कॉटलंडात २००३ चा कायदा आहे, कुठेही चाला, इथे तसा हक्क नाही. शेतकरी जाऊ देतात म्हणून आपण जातो. एरिसबेगसारखे डोंगर बरेचदा सामाईक असतात, आपल्याकडच्या गायरानासारखं म्हण, फक्त इथे ठरावीक शेतकऱ्यांचे हिस्से असतात आणि कोणी किती मेंढ्या सोडायच्या ते ठरलेलं असतं. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल रंग बघितलेस ना, ती मालकाची खूण. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. कुत्रा न्यायचा नाही. तारेवरून चढायचं नाही, अगदी वेळ आलीच तर खांबापाशी चढायचं, तिथे तार वाकत नाही.

एक गंमत सांगते. राउंडस्टोनचा गोल दगडाशी संबंध नाही. मूळ नाव क्लोख ना रोन, म्हणजे सीलचा खडक. रोन म्हणजे सील. इंग्रजांच्या कानाला ते राउंड वाटलं आणि गावाचं नाव पडलं.

निसर्गवेडी · ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६:०२

अय्या, राउंडस्टोन बॉग! रानवाट, तू जिथे रडत उभी होतीस तिथे जायला वनस्पतीवाले तडफडतात गं. मी साताऱ्याची, कासच्या पठारावर लहानाची मोठी झाले असं म्हटलं तरी चालेल. तिथे ड्रॉसेरा असतो ना, किडे खाणारा, पानांवर दवबिंदू घेऊन बसलेला, त्याचे भाऊबंद तुझ्या बॉगमध्ये आहेत. कारणही तेच, जमिनीत नायट्रोजन नाही म्हणून किडे खायचे.

आणि हेदर! एरिसबेगच्या आसपास असे हेदर मिळतात जे ब्रिटनमध्ये रानात सापडत नाहीत, थेट खाली स्पेन-पोर्तुगालकडे सापडतात. त्यातला मॅके हेदर १८३५ मध्ये राउंडस्टोनच्याच विल्यम मॅकॅला नावाच्या तरुणाने शोधला, नाव मात्र डब्लिनच्या मॅकेसाहेबांचं लागलं. नेहमीचंच. दुसरा एक आहे, कंबरेएवढं उंच झुडूप, तो बाकीच्यांसारखा उन्हाळ्यात न फुलता मार्च-एप्रिलात फुलतो. परत जाशील तर तेव्हा जा ना प्लीज, आणि फोटो!!

टेकडीफोड · ३० सप्टेंबर, रात्री ८:४०

बरं बरं, पर्वती मागे घेतो. पण एक खरंच विचारतो, पाऊस तर आपल्याकडे जास्त. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मग दलदल तिथे का?

ढेकळे_सर · ३० सप्टेंबर, रात्री ९:१५

चांगला प्रश्न. आपला सगळा चार महिन्यात पडतो आणि उरलेले आठ महिने ऊन जमीन भाजून काढतं. तिथे पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे, आणि ऊन कोवळं. जमीन वाळायला उसंतच नाही. थंडीत कुजवणारे जंतूही संथ. त्या दलदलीखाली हजारो वर्षांपूर्वीच्या पाइन झाडांचे बुंधे मिळतात, मुळांसकट. आपल्याकडे लाकूड दोन पावसाळे टिकत नाही.

बिनियन_बाबू · १ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

सरांचं झालं की माझं हिशेबाचं. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गड्याने एक ठोकताळा दिला, ताशी ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. त्या हिशेबाने एरिसबेग एका बाजूने तासाभरात व्हायला हवा, अडीच-तीन किलोमीटर आणि ३०० मीटर. प्रत्यक्षात गड्डे, डबकी, वळसे यात दीड ते दोन तास, आणि उतरतानाही तेवढेच, कारण उतरताना पाय कुठे ठेवायचा हे बघायला जास्त वेळ लागतो. मी वाट नसलेल्या आयरिश डोंगराला सरळ दुप्पट धरतो.

मला तुझ्या कहाणीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? वारा पाठीला घेऊन उतरलीस ते. सगळे तेच करतात. धुक्यात माणूस दिशा नाही बघत, जिकडे त्रास कमी तिकडे जातो. आणि तळी दिसल्यावर तू बॉगमधून आडवं जायचा नाद केला नाहीस, परत वर चढलीस, ते फार कमी जण करतात. चढलेलं उतरणं कोणालाही जमतं, उतरलेलं परत चढायला जीव नको म्हणतो.

एप्रिलमध्ये मी येतो. नकाशा माझा, लाडू तुझे.

रानवाट · १ ऑक्टोबर, सकाळी ९:००

डन. तोपर्यंत होकायंत्र शिकते. (नवरा म्हणतोय त्याला कॉफी नको, तोही येणार.)

गडबडगुंडा · १४ ऑक्टोबर, रात्री १२:१०

उशिरा वाचला धागा. साप नसतात म्हणे आयर्लंडमध्ये? मग गवतात बिनधास्त बसता येत असेल.

स्लायगोची_काकू · १४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

साप नाहीत हे खरं. सेंट पॅट्रिकने हाकलले म्हणतात, पण हिमयुगानंतर ते बेटावर पोचलेच नाहीत, हाकलणार कोणाला? बिनधास्त मात्र बसू नकोस बाबा, गोचिड्या आहेत. नेच्यांमध्ये आणि मेंढ्या-हरणं फिरतात तिथे जास्त. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली बघायचं आणि चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची. तेल, काडी, असले घरगुती उपाय नकोत. नंतर तिथे गोल लाल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टर, लाइम नावाचा आजार असतो.

रानवाट · २१ एप्रिल, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. झालं एकदाचं!!

काल गेलो होतो. मी, नवरा, बिनियन बाबू आणि काकू (काकू स्लायगोहून एकट्या गाडी चालवत आल्या आणि चौघांत पहिल्या वर पोचल्या, हे नोंदवून ठेवते). उत्तरेचा कोरडा गार वारा, आकाश स्वच्छ. फाटकापाशी पोचल्यावर काकू म्हणाल्या, आता दहा मिनिटं कोणी चालायचं नाही, नुसतं बघायचं. बघितलं. आणि खरं सांगते, सप्टेंबरमध्ये मला जिथे नुसता तपकिरी डोंगर दिसला होता तिथे आता काळ्या कातळाची एक तुटक रांग दिसली, पायऱ्यांसारखी, वरपर्यंत. तीच धरली. मधल्या खोलगटांना वळसा. माझा तो मांडीवाला खड्डाही दिसला, इतका साळसूद हिरवा की नवरा म्हणाला इथेच बसून खाऊया का.

खोटे माथे सगळे तिथेच होते, पण आता त्यांचा राग नाही आला. बाबूने आधीच मोजून ठेवले होते, प्रत्येकाला "हा नाही" म्हणत पुढे. एक तास चाळीस मिनिटांत खऱ्या माथ्यावर.

काय दिसतं तिथून. दक्षिणेला अ‍ॅरन बेटं, समुद्रावर आडव्या ठेवलेल्या पाट्यांसारखी. पायाशी डॉग्ज बे आणि गुर्टीन, दोन चंद्रकोरी पाठीला पाठ लावून बसलेल्या आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. ती वाळू दगडाची नाही बरं का, बारीक सागरी जीवांच्या कवचांची आहे, म्हणून इतकी पांढरी. ईशान्येला ट्वेल्व्ह बेन्स. आणि उत्तरेला ती तळी. त्या दिवशी पोटात गोळा आणणारी तळी उन्हात अशी चमकत होती की मोजायला सुरुवात केली आणि साठनंतर सोडून दिलं. त्याच दलदलीच्या पलीकडच्या टोकाला, क्लिफडनजवळ, जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन न थांबता अटलांटिक पार करून आले. वरून हिरवं कुरण वाटलं म्हणून विमान उतरवलं आणि नाक चिखलात रुतलं. बाबूने हे सांगितल्यावर मला फार बरं वाटलं. हिरव्याला फसलेली मी एकटी नाही.

निसर्गवेडी, तुझं झुडूप सापडलं! पश्चिमेकडच्या उतारावर, कंबरेच्या वर, फिकट गुलाबी-जांभळं फुललेलं, मधमाश्यांचा नुसता गजर. फोटो बत्तीस आहेत, उद्या टाकते.

निसर्गवेडी · २१ एप्रिल, रात्री ९:४१

बत्तीसच्या बत्तीस टाक. आत्ता टाक.

स्लायगोची_काकू · २२ एप्रिल, सकाळी ८:१५

लाडू छान होते हो, डिंक जरा कमी. आणि रानवाट, गुडघ्यामागे बघितलंस का?

रानवाट · २२ एप्रिल, सकाळी ८:५०

बघितलं. एक निघाली. नवऱ्याच्या.

टेकडीफोड · २२ एप्रिल, दुपारी १२:३०

अभिनंदन ताई! बरं, ऑफिसकडून जुलैत डब्लिनला पंधरा दिवस येतोय. एखादा छोटासा डोंगर सुचवा, अर्ध्या दिवसाचा. स्पोर्ट शूज चालतील ना?

बिनियन_बाबू · २२ एप्रिल, दुपारी १:०५

ग्रेट शुगर लोफ, ५०१ मीटर, विकलोत, डब्लिनहून जवळ. गाडी बरीच वर जाते, वाट मळलेली आहे, शेवटचा तुकडा सुट्या क्वार्टझाइटचा, तिथे हात लावावे लागतात. शनिवारी मी नेतो. बूट आण.

टेकडीफोड · २२ एप्रिल, दुपारी १:१२

वर चहा मिळतो का?

स्लायगोची_काकू · २२ एप्रिल, दुपारी १:२०

थर्मास आण.